मुक्त स्रोत समुदायातील आचारसंहिता

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची निर्मिती व देखभाल करणाऱ्या स्वयंप्रेरित समूहांनी आपल्या सदस्यांच्या परस्परव्यवहारासाठी ठरविलेल्या लिखित नियमांचा संच. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संगणक-संहिता कोणालाही वाचता, वापरता, बदलता व पुन्हा वितरित करता येते, त्यास मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. अशा सॉफ्टवेअरच्या वापरासंबंधीचे हक्क परवान्याने निश्चित होतात. परंतु ते तयार करणाऱ्या माणसांनी एकमेकांशी कसे वागावे, याविषयी परवाना काहीच सांगत नाही. ही उणीव आचारसंहिता भरून काढते. परवाना हा कायद्याचा दस्तऐवज असून त्याचा भंग न्यायालयात नेता येतो. आचारसंहिता ही समूहाने स्वतःवर घालून घेतलेली शिस्त असून तिचे बळ मुख्यतः समूहाच्या संमतीत असते. या दृष्टीने ती सहकारी संस्थेच्या उपविधींना किंवा सभासंचालनाच्या नियमांना जवळची आहे.

पार्श्वभूमी : रिचर्ड स्टॉलमन (१९५३– ) यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. १९९१ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स (१९६९– ) या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा जाहीर केला. डेबियन हा स्वयंसेवकांचा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला, तर ‘मुक्त स्रोत’ ही संज्ञा १९९८ पासून रूढ झाली. सुरुवातीला या समूहांतील सदस्य संख्येने थोडे, बहुतेक विद्यापीठांतील व एकमेकांना ओळखणारे होते. त्यांच्या संवादातील तिखटपणा आपसातील थट्टा म्हणून खपून जाई. इंटरनेटच्या प्रसाराबरोबर निरनिराळ्या देशांतील, भाषांतील व वयोगटांतील हजारो लोक या कामात आले आणि मूठभर परिचितांचे अलिखित संकेत अनोळखी लोकांच्या मोठ्या समूहाला पुरेनासे झाले. १९९५ मध्ये इंटरनेटवरील शिष्टाचारासंबंधी एक मार्गदर्शक टिपण प्रसिद्ध झाले होते. तथापि त्यात व्यक्तीला उपदेश होता, समूहाने करावयाच्या कार्यवाहीची व्यवस्था नव्हती.

गरज : या कामाच्या काही अंगभूत वैशिष्ट्यांमुळे वर्तनाचे नियम आवश्यक ठरतात. पहिले म्हणजे, संवाद मुख्यतः लेखी असतो. चेहऱ्यावरील भाव, आवाजाचा चढउतार, सौम्य हसू यांपैकी काहीही वाचणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे लिहिणाऱ्याच्या मनात नसलेला तुच्छतेचा भाव वाचणाऱ्याला जाणवू शकतो. दुसरे, कामाची पद्धतच दोषदर्शनाची आहे. नव्या सदस्याने पाठविलेली दुरुस्ती अनुभवी सदस्य तपासतो, तिच्यातील चुका दाखवितो व प्रसंगी ती नाकारतो. ही तपासणी सर्वांसमक्ष होते आणि तिची नोंद कायम राहते. तिसरे, बहुसंख्य सदस्य विनावेतन काम करतात. कारखान्यातील कामगार अपमान सोसूनही नोकरी टिकवितो, कारण तिच्यावर त्याचा चरितार्थ अवलंबून असतो. स्वयंसेवक मात्र काही न बोलता निघून जातो आणि तो का गेला, याची नोंदही होत नाही.

या व्यवस्थेत प्रवेशासाठी पदवी, शिफारस वा शहरातील वास्तव्य लागत नाही, हे तिचे मोठे आकर्षण आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूरसारख्या कोळसाखाणींच्या गावातील एखाद्या विद्यार्थ्यालाही जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती सुचविता येते. मात्र त्याचे इंग्रजी अडखळते असेल, रूढ पद्धती त्याला ठाऊक नसतील आणि पहिल्याच प्रयत्नाला ‘आधी शिकून या’ असे हिणवणारे उत्तर मिळाले, तर कागदावर खुले असलेले दार त्याच्यापुरते बंद होते. मोठ्या शहरातील विद्यार्थ्याला अशा वेळी धीर देणारे सहकारी जवळपास आढळतात. लहान गावातील विद्यार्थ्यापुढे ते लेखी उत्तर हाच संपूर्ण समुदाय असतो. म्हणून आचारसंहितेचा प्रश्न केवळ सौजन्याचा नसून प्रवेशाच्या समान संधीचा आहे.

गिटहब या संस्थेने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीत सु. ५,५०० यादृच्छिक निवडीच्या प्रतिसादकांपैकी १८ टक्क्यांनी आपल्याला अप्रिय वर्तनाचा स्वतः अनुभव आल्याचे, तर ५० टक्क्यांनी इतरांबाबत असे वर्तन पाहिल्याचे सांगितले. प्रतिसादकांत स्त्रियांचे प्रमाण केवळ ३ टक्के होते.

टीका आणि अवमान यांतील भेद : आचारसंहितेमुळे तांत्रिक चर्चा मिळमिळीत होईल, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. त्याचा विचार करताना न्यायदर्शनातील कथेचे तीन प्रकार उपयोगी पडतात. तत्त्वनिर्णयासाठी प्रमाणांच्या आधारे केलेली चर्चा म्हणजे वाद. केवळ जिंकण्यासाठी, छल व जाती यांचाही आश्रय घेऊन केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणे म्हणजे वितंडा. आचारसंहितेचा उद्देश वादाला मोकळीक देणे व जल्प-वितंडेला आळा घालणे हा असतो. ‘या दुरुस्तीमुळे स्मृतीचा अपव्यय होतो, म्हणून ती स्वीकारता येत नाही’ हे विधान कठोर असले, तरी वादाच्या कक्षेत आहे. ‘असे लिहिणाऱ्याने संगणकाला हात लावू नये’ या विधानात तांत्रिक माहिती काहीच नाही. पहिल्या विधानाला उत्तर देता येते. दुसऱ्याला केवळ प्रत्यपमान करता येतो.

इतिहास : उबुंटू प्रकल्पाची आचारसंहिता ही प्रारंभीच्या प्रभावी संहितांपैकी एक होय. या प्रणालीची पहिली आवृत्ती २००४ मध्ये निघाली आणि सदस्यांनी विचारपूर्वक व आदराने वागावे, सहकार्य करावे, अशी अपेक्षा तिच्या समुदायाने आरंभापासूनच लेखी मांडली. पद सोडणाऱ्याने आपले काम दुसऱ्याच्या हाती नीट सोपवून जावे, ही तीमधील तरतूद लक्षणीय आहे. कारण अनादर शब्दांतूनच होतो असे नाही, तर जबाबदारी वाऱ्यावर सोडूनही होतो.

यानंतरचा टप्पा परिषदांशी संबंधित आहे. तांत्रिक परिषदांत स्त्रियांना त्रास दिल्याच्या घटना उघडकीस आल्यावर छळविरोधी धोरणांचे नमुने तयार झाले. २०११ ते २०१५ या काळात कार्यरत असलेल्या एडा इनिशिएटिव्ह या अमेरिकेतील संस्थेने त्यांच्या प्रसाराचे मोठे काम केले. २०१३ मध्ये पायथन या संगणकभाषेच्या अमेरिकेतील परिषदेत कानी पडलेल्या आक्षेपार्ह विनोदाची तक्रार छायाचित्रासह जाहीर केली गेली. तिचा शेवट विनोद करणाऱ्यांपैकी एक पुरुष व तक्रारदार स्त्री या दोघांचीही नोकरी जाण्यात झाला. तक्रार ऐकणारी विश्वासार्ह व गोपनीय यंत्रणा का हवी, याचे हे बोलके उदाहरण आहे.

२०१४ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने आचारसंहिता स्वीकारली. आदर बाळगावा, समोरच्याचा हेतू चांगला आहे असे गृहीत धरावे, सहकार्य करावे, थोडक्यात लिहावे आणि खुलेपणा ठेवावा, ही तिची प्रमुख सूत्रे होत. त्याच वर्षी कोरलाइन एडा एमके यांनी ‘कॉन्ट्रिब्यूटर कॉव्हेनंट’ हा कोणत्याही प्रकल्पाला जसाच्या तसा स्वीकारता येईल असा मसुदा तयार केला. लहान प्रकल्पांना स्वतंत्र संहिता रचण्याचे श्रम त्यामुळे वाचले आणि पुढे हजारो प्रकल्पांनी तो स्वीकारला.

लिनक्सचा अनुभव : या विषयातील सर्वांत चर्चिलेले उदाहरण लिनक्सच्या गाभ्याचे आहे. त्याच्या विकासात हजारो तंत्रज्ञ भाग घेतात आणि अंतिम निर्णय दीर्घकाळ टोरव्हाल्ड्स यांच्याकडे राहिला आहे. सदोष दुरुस्त्या पाठविणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांवर ते अत्यंत कठोर, प्रसंगी अपमानास्पद भाषेत तुटून पडत. अशी भाषा गुणवत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक आहे, असे समर्थन अनेक जण करीत. २०१५ मध्ये या समुदायाने ‘संघर्षसंहिता’ अशा अर्थाच्या नावाचे एक छोटे टिपण स्वीकारले. तपासणी कठोर असणारच, असे त्यात गृहीत धरले होते. व्यक्तिगत अवमान झाल्यास तांत्रिक सल्लागार मंडळाकडे जावे, एवढीच सोय होती. त्याच वर्षी एका अनुभवी विकासकाने संवादातील असभ्यतेचे कारण देऊन हे काम सोडले.

१६ सप्टेंबर २०१८ रोजी टोरव्हाल्ड्स यांनी आपल्या पत्रांतील हल्ले अनुचित होते, अशी जाहीर कबुली देऊन क्षमा मागितली आणि काही काळ कामातून रजा घेतली. त्याच वेळी कॉन्ट्रिब्यूटर कॉव्हेनंटवर आधारित संहिता लागू करण्यात आली. ऑक्टोबरमध्ये ते परतले. मधल्या काळात गाभ्याची नियोजित आवृत्ती सहकाऱ्यांच्या देखरेखीखाली तयार झाली. कठोर शब्दांवाचून काम ढासळेल, ही भीती पुढील वर्षांतही खरी ठरली नाही. २०२४ मध्ये संहितेच्या भंगाबद्दल एका घटकाच्या प्रमुख देखभालकर्त्याच्या दुरुस्त्या एका आवृत्तीच्या काळापुरत्या न स्वीकारण्याचा निर्णय झाला. तांत्रिक योगदान मोठे असले, तरी त्यामुळे नियमातून सूट मिळत नाही, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात आणले गेले.

स्वरूप : सामान्यतः आचारसंहितेचे पाच भाग असतात. (१) उद्देश : समुदायात सर्वांचे स्वागत आहे, याची ग्वाही. (२) अपेक्षित वर्तन : सौम्य भाषा, भिन्न मताविषयी सहिष्णुता, चूक मान्य करण्याची तयारी, नवख्यांना साहाय्य. (३) निषिद्ध वर्तन : व्यक्तिगत हल्ले, लैंगिक स्वरूपाचा त्रास, धमकी, पाळत ठेवणे, जात, धर्म, लिंग, वंश, अपंगत्व इत्यादींवरून हिणविणे, दुसऱ्याची खाजगी माहिती उघड करणे. (४) व्याप्ती : नियम कोठे लागू आहेत, म्हणजे केवळ प्रकल्पाच्या पत्रव्यवहारात, की परिषदांत व प्रकल्पाच्या नावाने इतरत्र केलेल्या वर्तनालाही. (५) कार्यवाही : तक्रार कोणाकडे करावी, ती कशी तपासली जाईल व कोणते उपाय योजले जातील. यांपैकी पाचवा भाग वगळल्यास उरलेले चार सुभाषितांच्या पातळीवर राहतात.

अंमलबजावणी : संहितेच्या पालनासाठी तीन ते सात व्यक्तींची लहान समिती नेमणे सोयीचे ठरते. कॉन्ट्रिब्यूटर कॉव्हेनंटच्या दुसऱ्या आवृत्तीत उपायांच्या चार पायऱ्या दिल्या आहेत : खाजगी समज, ताकीद, तात्पुरती बंदी व कायमची बंदी. बहुतेक तक्रारी पहिल्या पायरीवरच मिटाव्यात, अशी अपेक्षा असते. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवणे, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे म्हणणे ऐकणे, समितीतील सदस्याचा हितसंबंध असल्यास त्याने बाजूला होणे आणि निर्णयाची कारणे कळविणे, ही नैसर्गिक न्यायाची तत्त्वे येथेही लागू पडतात. शेवटच्या दोन पायऱ्यांच्या निर्णयांवर फेरविचाराची सोय असणे इष्ट होय.

समिती कोणाला उत्तरदायी, हा प्रश्न कळीचा आहे. रस्ट या संगणकभाषेच्या समुदायातील वर्तननियामक गटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सामूहिक राजीनामा दिला. प्रकल्पाचा मुख्य गट स्वतःखेरीज कोणालाही उत्तरदायी नसल्याने त्याच्यावर संहिता लागू करता येत नाही, हे कारण त्याने दिले. पुढे त्या प्रकल्पाची संचालनव्यवस्था बदलण्यात आली. नियम करणारेच नियमाबाहेर राहिले, तर संहितेवरील विश्वास उडतो, हा या घटनेचा धडा आहे.

आक्षेप : आचारसंहितेवर मुख्यतः चार आक्षेप घेतले जातात. मुक्त स्रोत चळवळीत केवळ गुणवत्तेला मान असावा, वर्तनाला नव्हे, हा पहिला. त्यावर असे उत्तर दिले जाते, की जे अपमानामुळे आधीच निघून गेले त्यांची गुणवत्ता मोजलीच जात नाही. त्यामुळे उरलेल्यांची तुलना ही गुणवत्तेची पूर्ण कसोटी नव्हे. नियमांची भाषा संदिग्ध असून तिचा उपयोग प्रतिस्पर्ध्याला दूर करण्यासाठी होऊ शकतो, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निश्चित कार्यपद्धती व फेरविचार हाच त्यावर उपाय होय. तिसरा आक्षेप सांस्कृतिक स्वरूपाचा आहे : बहुतेक मसुदे अमेरिकेत तयार झाले असून तेथील सामाजिक प्रश्नांची छाप त्यांवर आहे. सौजन्य नियमाने लादता येत नाही, हा चौथा आक्षेप होय. स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पासाठी २०१८ मध्ये शिक्षेची तरतूद नसलेली, स्नेहपूर्ण संवादाची केवळ मार्गदर्शक सूत्रे स्वीकारली, ती याच भूमिकेतून. त्याच वर्षी एसक्यूलाइट या प्रकल्पाने संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमांतील वचनेच आचारसंहिता म्हणून दिली. टीका झाल्यावर त्यांना नीतिसंहिता असे नाव देऊन वर्तनासाठी अन्य प्रचलित सूत्रे स्वीकारली. सौजन्य नियमाने निर्माण होत नाही, हे खरे. तथापि असभ्यतेला प्रतिष्ठा न मिळू देणे नियमाला साधते.

भारत व महाराष्ट्र : भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्प शिक्षणक्षेत्रात अशा सॉफ्टवेअरचा प्रसार करतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये याच संस्थेच्या आवारात ड्रूपल या प्रणालीची आशियाई परिषद भरली, तर डेबियनची जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये कोची येथे झाली. अशा परिषदांच्या द्वारे लिखित आचारसंहितेची कल्पना येथील विद्यार्थ्यांच्या परिचयाची झाली.

भारतीय कायद्याचा काही भाग या विषयाला स्पर्श करतो. सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात १९९७ मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध अधिनियम झाला. त्यातील ‘कर्मचारी’ या संज्ञेत विनावेतन, स्वयंसेवी काम करणाऱ्यांचाही समावेश आहे. परंतु ज्या समूहाला मालक नाही, कार्यालय नाही आणि ज्याचे सदस्य वीस देशांत विखुरले आहेत, तेथे या अधिनियमातील अंतर्गत समिती कोणी नेमावी, याचे सरळ उत्तर मिळत नाही. दुसरीकडे, आंतरजालावरील त्रासदायक लेखनाला शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अतिव्याप्त व संदिग्ध ठरवून रद्द केले. फौजदारी कायदा आणि व्यक्तिगत संयम यांच्यामधील ही मोकळी जागा समुदायांना स्वतःच्या नियमांनीच भरावी लागते.

मराठी भाषकांच्या दृष्टीने मराठी विकिपीडिया हे जवळचे उदाहरण आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या या मुक्त ज्ञानकोशाचे लेखन व संपादन स्वयंसेवक करतात आणि त्यामागील सॉफ्टवेअरही मुक्त स्रोत आहे. विकिमीडिया प्रतिष्ठानने २०२१ मध्ये आपल्या सर्व प्रकल्पांसाठी वैश्विक आचारसंहिता मंजूर केली व २०२३ मध्ये तिच्या अंमलबजावणीची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. परस्पर आदर, छळाला मनाई, अधिकारपदाच्या गैरवापराला प्रतिबंध व मजकुराच्या विध्वंसाला विरोध हे तिचे प्रमुख विषय असून ती मराठी प्रकल्पांनाही लागू आहे.

मराठीतील संवादाचे काही प्रश्न मात्र कोणत्याही परकीय मसुद्यात सापडत नाहीत. इंग्रजीत सर्वांना एकच सर्वनाम चालते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ यांतून निवड करावी लागते. अनोळखी सदस्याला ‘तू’ म्हटल्यास तो उद्धटपणा ठरतो, तर एखाद्याला ‘आपण’ व दुसऱ्याला ‘तू’ म्हटल्यास उतरंड तयार होते. सर्वांना ‘तुम्ही’ म्हणणे हा सोपा व न्याय्य मार्ग होय. शुद्धलेखनाचाही प्रश्न असाच आहे. वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी वळणाने लिहिणाऱ्याचा मजकूर प्रमाणभाषेत आणणे हे संपादन. त्या वळणाची टिंगल करणे हा अवमान. सॉफ्टवेअरच्या मराठीकरणात ‘फाइल’ ठेवावे, की ‘संचिका’ अथवा ‘धारिका’ म्हणावे, यावरूनही खटके उडतात. वारंवार लागणाऱ्या शब्दांच्या याद्या भाषावार बैठका घेऊन ठरविण्याची जी पद्धत २००८ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘फ्यूएल’ प्रकल्पाने अवलंबिली, तिच्यामुळे असे मतभेद व्यक्तींकडून विषयाकडे वळविता येतात. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांस ‘माउली’ म्हणून संबोधतात व वयाचा वा जातीचा विचार न करता परस्परांच्या पाया पडतात. अनोळखी माणसांचा मोठा समूह संबोधनाच्या एका संकेतावर किती मार्दवाने चालू शकतो, याचे हे देशी उदाहरण आहे.

महत्त्व : अनादराचे परिणाम दुखावलेल्या व्यक्तीपुरते मर्यादित राहत नाहीत. पायथनचे जनक गीडो फान रोसुम (१९५६– ) यांनी भाषेतील एका बदलावरून झालेल्या कडवट वादानंतर जुलै २०१८ मध्ये निर्णयाधिकार सोडला. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या माहिती-संक्षेपणाच्या साधनात लपवून ठेवलेला चोरदरवाजा उघडकीस आला. त्याचा एकट्याने सांभाळ करणाऱ्या, थकलेल्या स्वयंसेवकावर संथपणाचे दोषारोप करणारी पत्रे त्यापूर्वी येत होती. त्या दडपणातच मदतीस आलेल्या एका अज्ञात सहभागीकडे देखभालीचे अधिकार गेले आणि त्याच मार्गाने घातक संहिता आत शिरली. एका तंत्रज्ञाच्या दक्षतेमुळे मोठे संकट टळले. स्वयंसेवकाला दिलेली वागणूक आणि सार्वजनिक यंत्रणांची सुरक्षितता यांचा संबंध किती निकटचा आहे, हे या घटनेने दाखवून दिले. बँका, रुग्णालये, रेल्वे व शासकीय कार्यालये यांच्या संगणकांत आज मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरले जाते. ते लिहिणारी माणसे कामावर टिकून राहणे आणि त्यांची जागा घेणाऱ्या नव्या माणसांना आत येता येणे, यासाठी आचारसंहिता हे आवश्यक, पण एकट्याने पुरेसे नसलेले साधन आहे. नियम असूनही वरिष्ठ सदस्य नवख्याच्या पहिल्या पत्राला कसे उत्तर देतात, यावरच तिचे यशापयश अखेर अवलंबून राहते.